कनूट रॉक्नी : रसायनशाळेंतील क्रीडागुरु

(महोत्सवी वर्षाच्या क्रीडासमारंभानंतर, सायंकाळीं, धर्मग्रामांतील पालक व तरुण मंडळींपुढें केलेलें भाषण)



महोत्सवानिमित्त मीं दोन शब्द बोलावे असें ठरलें, तेव्हां एखाद्या संताचें चरित्र ऐकावयास मिळेल अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. ती मी आज पुरी करणार नाहीं. ज्याच्याविषयीं मी बोलणार आहें तो संत नव्हता. तो एका लहानशा कॅथलिक महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवीत असे, आणि दुपार कलली म्हणजे मुलांना मैदानावर नेऊन चेंडू खेळावयास शिकवीत असे. त्याचें नांव कनूट रॉक्नी.

हा विषय मीं कां निवडला तें आधीं सांगतों. गेले कित्येक महिने रविवारच्या मिस्सेनंतर दोन प्रकारचीं गाऱ्हाणीं मजकडे येत आहेत. कोळीवाड्यांतल्या आया म्हणतात, "फादर, पोर पुस्तक हातीं धरीत नाहीं. सारा वेळ मैदानावर. तुमचें तरी ऐकेल." आणि तींच पोरें मागाहून येऊन म्हणतात, "फादर, शिकवणीच्या पायीं घरचे आम्हांला सरावाला सोडीत नाहींत." गाऱ्हाणीं दोन, परंतु समज एकच : पुस्तक आणि चेंडू हे हाडवैरी आहेत, आणि फादरनीं यांपैकीं एकाचा पक्ष घ्यावा. हा समज कितपत खरा, तें एका माणसाच्या आयुष्यावरून पाहूं.

रॉक्नीचा जन्म 4 मार्च 1888 रोजीं नॉर्वे देशांतील व्हॉस या गांवीं झाला. त्याचा बाप गाड्या बांधणारा कारागीर होता. 1893 सालीं अमेरिकेंत शिकागो येथें जें जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलें, त्याच्या निमित्तानें बाप तिकडे गेला आणि मागाहून बायकामुलांनाही त्यानें बोलावून घेतलें. कनूट त्या वेळीं पांच वर्षांचा होता. परक्या देशांत, परक्या भाषेंत, कामकऱ्यांच्या वस्तींत तो वाढला. तेथल्या मोकळ्या जागांवर निरनिराळ्या देशांतून आलेल्यांचीं मुलें चेंडू खेळत. त्यांतच याला खेळाचें वेड लागलें. पुढें महाविद्यालयांत जावयास पैसा नव्हता, म्हणून त्यानें शिकागोच्या टपालखात्यांत नोकरी धरली. कांहीं वर्षें टपालाच्या थैल्या उचलून, वेगळाल्या गाड्यांचीं पत्रें निवडून त्यानें गांठीला पैसा जोडला, आणि 1910 सालीं, बाविसाव्या वर्षीं, तो नोत्र दाम येथें विद्यार्थी म्हणून दाखल झाला. बरोबरीचे विद्यार्थी त्याच्याहून चार वर्षांनीं लहान होते. डोक्यावरचे केसही तरुणपणींच विरळ होऊं लागले होते! एक परीक्षा हुकली कीं आयुष्य संपलें असें समजून तोंड लपविणाऱ्या आपल्या कांहीं तरुणांनीं ही बाविसाव्या वर्षाची गोष्ट ध्यानांत ठेवावी.

नोत्र दाम या फ्रेंच शब्दांचा अर्थ 'आमची स्वामिनी', म्हणजे पवित्र मरिया. इंडियाना प्रांतांत साउथ बेंड गांवाशेजारीं फादर एडवर्ड सोरिन या फ्रेंच मिशनऱ्यानें 1842 सालीं हें विद्यालय स्थापिलें. आज त्याचें मोठें नांवाजलेलें विश्वविद्यालय झालें आहे. परंतु रॉक्नी तेथें गेला तेव्हां तें एक लहान महाविद्यालय होतें. प्रोटेस्टंट बहुसंख्येच्या त्या प्रांतांत, गरीब आयरिश, जर्मन व पोलिश कॅथलिकांचीं मुलें तेथें शिकत. रॉक्नी स्वतः ल्यूथरपंथी. कॅथलिक संस्थेंत जावयास तो प्रथम बिचकत होता. दोन मित्र तेथें जाणार होते आणि खर्च कमी येणार होता, म्हणून गेला. देवाच्या योजना पुष्कळदां खर्चाच्या हिशेबांतून वाट काढतात.

तेथें त्याला फादर ज्यूलियस न्यूलँड हे गुरु लाभले. होली क्रॉस संघाचे हे धर्मगुरु वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्ही विद्यांत पारंगत होते. आपल्या मुंबईकरांना त्यांची ओळख पटवावयाची तर सेंट झेवियर्स महाविद्यालयांतील फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचें नांव घ्यावें. स्वित्झर्लंडहून आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंनीं आमच्या डोंगरदऱ्यांतील झाडेंझुडपें, तृणें, नेचे हुडकून त्यांचा जो संग्रह उभारला, तो त्यांच्या नांवानें धोबीतलावास अजून उभा आहे. फादर न्यूलँडही तसेच रानांत हिंडणारे, आणि 1909 सालीं निसर्गशास्त्राचें एक नियतकालिकही त्यांनीं सुरू केलें. परंतु त्यांचा खरा नाद असिटिलीन वायूचा. या वायूपासून निरनिराळे पदार्थ कसे बनतात याचा शोध त्यांनीं वर्षानुवर्षें केला. त्या प्रयोगशाळेंत रॉक्नी काचेचीं भांडीं हाताळावयास, मोजमाप करावयास आणि, सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, फसलेला प्रयोग न चिडतां पुन्हां मांडावयास शिकला. 1914 सालीं औषधिशास्त्राची पदवी त्यानें उच्च श्रेणींत मिळविली.

आतां मैदानाकडे वळूं. एक खुलासा केला पाहिजे, नाहीं तर मुलें मला हंसतील. अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या कूपरेजवरचा फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा. तो हातांत धरून धांवतात, आणि प्रतिपक्षानें त्या धांवणाऱ्याला खालीं पाडावयाचें असतें. पूर्वीं हा खेळ म्हणजे निव्वळ रेटारेटी होती. त्यांत इतके तरुण जायबंदी होऊं लागले, कांहींचे प्राणही गेले, कीं 1906 सालीं नियम बदलून चेंडू पुढें फेकण्याची मुभा देण्यांत आली. नियम झाला, पण मोठ्या महाविद्यालयांनीं तो फारसा मनावर घेतला नाहीं. ज्यांच्यापाशीं धिप्पाड गडी होते त्यांना रेटारेटीच सोयीची!

1913 च्या उन्हाळ्यांत रॉक्नी आणि त्याचा सोबती गस डोरे हे दोघे ईरी सरोवराच्या कांठीं सीडर पॉइंट नांवाच्या ठिकाणीं पोटासाठीं नोकरी करावयास गेले. जातांना त्यांनीं चेंडू बरोबर नेला. काम आटोपलें म्हणजे दोघे वाळूंत उतरत. डोरेनें फेकावयाचें, रॉक्नीनें धांवतां धांवतां झेलावयाचें. किती पावलांवर वळलें असतां चेंडू कोठें येतो, हात ताठ ठेवले तर चेंडू उसळतो आणि सैल ठेवले तर विसावतो, हें त्यांनीं शेंकडों वेळां करून पाहिलें. प्रयोगशाळेंतलीच रीत, फक्त तिला छप्पर नव्हतें. त्या वर्षीं 1 नोव्हेंबरला, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या दिवशीं, वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाच्या बलाढ्य संघाशीं सामना झाला. पूर्वेकडच्या लोकांना नोत्र दाम हें नांवही धड ठाऊक नव्हतें. डोरेनें 17 वेळां चेंडू फेकला, त्यांपैकीं 14 वेळां तो आपल्या गड्यांच्या हातीं पडला. 35 विरुद्ध 13 असा सामना जिंकून तीं अनोळखी पोरें घरीं परतलीं. अशी फेक त्यांनींच प्रथम शोधून काढली असें कांहीं लोक सांगतात, तें बरोबर नाहीं. ती पूर्वींपासून होती. जी गोष्ट सर्वांच्या हातीं होती ती यांनीं घोटून पक्की केली, एवढेंच यांचें श्रेय. आणि माझ्या मतें तें लहान नव्हे.

पदवी मिळाल्यावर त्याला तेथेंच रसायनशास्त्राचा शिक्षक आणि क्रीडाशिक्षकाचा साहाय्यक अशी दुहेरी जागा मिळाली. त्याच 1914 सालीं त्यानें लग्न केलें. सकाळीं प्रयोगशाळेंत विद्यार्थ्यांच्या नळ्या तपासावयाच्या, दुपारीं मैदान. 1918 सालीं मुख्य क्रीडाशिक्षकाचें पद त्याजकडे आलें, तरीही कांहीं वर्षें त्यानें रसायनाचा वर्ग सोडला नाहीं. तेरा हंगामांत त्याच्या संघानें 105 सामने जिंकले, 12 गमावले व 5 बरोबरींत सोडविले. मला त्याच्या संघाची रचना अधिक नवलाची वाटते. 1924 सालच्या ज्या चार गड्यांना वृत्तपत्रकारांनीं प्रकटीकरणाच्या ग्रंथावरून 'चार घोडेस्वार' हें नांव दिलें, त्यांच्यांत एकही आडदांड नव्हता. वजन प्रत्येकीं 160 पौंडांच्या आसपास. दंडाच्या जाडीपेक्षां पावलांचा मेळ त्यानें महत्त्वाचा मानला. चौघांनीं एकाच क्षणीं जागा बदलावयाची, आणि समोरच्याला चेंडू कोणाकडे आहे हें समजूं द्यावयाचें नाहीं. आमच्या होडीवर चार वल्हीं एकदम पाण्यांत पडलीं म्हणजे काय होतें, तें तुम्हांला मीं सांगावयास नको.

हे विजय तेथील कॅथलिकांना इतके मोलाचे कां वाटले, याचेंही कारण आहे. त्या काळीं इंडियाना प्रांतांत कू क्लक्स क्लॅन नांवाच्या द्वेष्ट्या संघटनेचें मोठें बंड माजलें होतें. काळे लोक, यहुदी आणि कॅथलिक हे तिच्या डोळ्यांत खुपत. 1924 च्या मे महिन्यांत ही मंडळी साउथ बेंडला मेळावा भरवावयास आलीं, तेव्हां नोत्र दामचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले व हातघाईचे प्रसंग घडले. अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांनीं स्वतः जमावांत जाऊन मुलांना आवरलें आणि परत नेलें. त्यानंतर त्याच हंगामांत एकही सामना न गमावतां ही पोरें कॅलिफोर्नियांत गेलीं, आणि 1 जानेवारी 1925 रोजीं स्टॅन्फर्डच्या संघावर 27 विरुद्ध 10 असा त्यांनीं विजय मिळविला. दगडाला दगडानें उत्तर देण्यापासून ज्यांना आवरावें लागलें होतें, तींच हीं मुलें. शिकागोच्या कारखान्यांतला पोलिश मजूर आणि बोस्टनच्या गोदींतला आयरिश हमाल यांनीं हा विजय आपल्या घरचा मानला.

आतां मला थोडें कठोर बोलावयाचें आहे. रॉक्नीचा सर्वांत गुणी खेळाडू जॉर्ज गिप. असा गडी मैदानावर क्वचित् उतरतो. पण वर्गांत तो दिसत नसे. पत्ते आणि पैजा यांतच रमे. 1920 च्या मार्चांत गैरहजेरीपायीं त्याला काढूनही टाकण्यांत आलें, आणि पुढें परत घेण्यांत आलें. रॉक्नीनें या मुलाच्या बाबतींत डोळेझांक केली असें माझें स्पष्ट मत आहे. प्रयोगशाळेंत ज्यानें रतिभराची चूक चालूं दिली नसती, त्यानें मैदानावरच्या गुणांकडे पाहून शेराची चूक पोटांत घातली. त्याच वर्षीं डिसेंबरच्या 14 तारखेस घशाचा रोग आणि न्युमोनिया यांनीं गिप वारला. वय अवघें पंचवीस. मरणशय्येवर त्यानें बाप्तिस्मा घेतला. पुढें आठ वर्षांनीं, संघाची अवस्था वाईट असतां, गिपनें मरतांना आपणास अमुक निरोप दिला होता असें रॉक्नीनें मुलांना सांगितलें, आणि मुलें ईर्षेनें लढून वेस्ट पॉइंटवाल्यांशीं सामना जिंकलीं. ही गोष्ट अमेरिकेंत घरोघर ठाऊक आहे. निरोप खरोखर दिला होता कीं नाहीं याबद्दल इतिहासकारांना शंका आहे, आणि मलाही आहे. शिकविणाऱ्याच्या हातीं मुलांचें हृदय असतें. तेथें मोजमाप सैल ठेवूं नये.

पण मी दुसऱ्याला दोष देऊन थांबणें बरें नव्हे. मी नव्यानें अभिषिक्त होऊन याच कोळीवाड्यांत साहाय्यक म्हणून आलों होतों, तेव्हांची गोष्ट. एक मुलगा फुटबॉल सुरेख खेळे. डाव्या पायाचा फटका असा कीं पाहत राहावें. विज्ञानांत तो दोनदां नापास झाला. बाप समुद्रावर, आई टोपली घेऊन बाजारांत. ती रडत मजकडे आली. मीं त्या मुलाला बोलावून चेंडू माझ्या कपाटांत ठेवून घेतला आणि बजावलें, "पास झालास कीं घेऊन जा." मला वाटलें, मोठें शहाणपणाचें काम केलें. तो चेंडू न्यावयास कधींच आला नाहीं. शाळेंतही गेला नाहीं. मैदानाच्या ओढीनें जो शाळेच्या दारापर्यंत येत होता, त्याची ती वाटच मीं बंद केली होती. ज्या मास्तरांनीं त्याला विज्ञान शिकविलें त्यांना तो खेळतो हें ठाऊक नव्हतें, आणि जे त्याला खेळवीत त्यांना तो नापास झाल्याचें ठाऊक नव्हतें. मला दोन्ही ठाऊक होतें, आणि मीं कपाटाला कुलूप लावलें.

रॉक्नीच्या विद्यार्थ्यांची अशी फाळणी होत नसे, कारण दोन्हीकडे तोच एक उभा असे. त्याची थोरवी मला येथें दिसते.

आतां त्याच्या श्रद्धेविषयीं. पंधरा वर्षें तो कॅथलिक गुरुजनांच्या सहवासांत राहिला, आणि कोणीं त्याला धर्मांतरासाठीं गळ घातली असें दिसत नाहीं. त्यानें स्वतः सांगितलेली हकीकत अशी कीं, परगांवच्या एका सामन्याआधीं काळजीनें त्याला झोंप येईना, म्हणून तो भल्या पहाटे उतारगृहाच्या दिवाणखान्यांत येऊन बसला. पाहतो तों त्याचे गडी एकेक करून जिना उतरताहेत आणि बाहेर पडताहेत. कोठें म्हणून विचारलें, तर मिस्सेला. ज्या मुलांना तासभर अधिक झोंप मिळावी म्हणून हा झटत होता, तीं झोंप मोडून ख्रिस्तप्रसाद घ्यावयास निघालीं होतीं. पोप दहावे पायस यांनीं 1905 सालीं वारंवार ख्रिस्तप्रसाद घेण्यास उत्तेजन देणारें फर्मान काढलें होतें, आणि नोत्र दामचे फादर जॉन ओहारा, जे पुढें कार्डिनल झाले, त्यांनीं तें खेळाडूंच्या मनांत चांगलें रुजविलें होतें. गुरूला शिष्यांनीं वाट दाखविली. 20 नोव्हेंबर 1925 रोजीं महाविद्यालयाच्या आवारांतील ओंडक्यांच्या लहानशा चॅपेलांत फादर व्हिन्सेंट मूनी यांच्या हस्तें रॉक्नीनें बाप्तिस्मा घेतला, आणि दुसऱ्या दिवशीं आपल्या लहान मुलाशेजारीं गुडघे टेकून बापलेकांनीं बरोबरच पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला. बाप्तिस्म्यानें माणूस एका रात्रींत निर्दोष होतो असें कोणीं समजूं नये. पुढच्याच महिन्यांत न्यूयॉर्कच्या एका मोठ्या विद्यापीठाशीं यानें गुपचूप करार केल्याचें बाहेर आलें, आणि खजील होऊन त्याला तो मोडावा लागला. नोत्र दामच्या धर्मगुरूंनीं त्याला क्षमा केली. तो राहिला.

1929 सालीं पायाच्या शिरेच्या विकारानें त्याला उभें राहावेना. चाकाच्या खुर्चींत बसून त्यानें संघ शिकविला, आणि त्या वर्षीं व त्याच्या पुढच्या वर्षीं संघ एकदांही हरला नाहीं.

31 मार्च 1931, पवित्र सप्ताहांतील मंगळवार. कॅन्सस सिटीहून लॉस एंजलिसकडे जाणाऱ्या विमानांत तो बसला होता. बझार नांवाच्या खेड्याजवळ त्या विमानाचा एक पंख तुटून पडला, आणि आंत असलेले आठही जण ठार झाले. रॉक्नी अवघा त्रेचाळीस वर्षांचा होता. पवित्र शनिवारीं, 4 एप्रिलला, नोत्र दामच्या पवित्र हृदयाच्या मंदिरांत त्याचा अंत्यविधि झाला. अध्यक्ष फादर चार्ल्स ओडॉनेल यांनीं प्रवचन केलें. नॉर्वेच्या राजानें आपला प्रतिनिधि पाठविला. गाड्या बांधणाऱ्याच्या मुलासाठीं!

त्या पंखाविषयीं दोन शब्द बोलतों, कारण तें तुम्हांला पंडितांहून चांगलें कळेल. तो पंख लाकडी होता, थरावर थर सरसानें चिकटविलेला. आंतल्या सांध्यांत ओल शिरून सरस सुटला होता. बाहेरून पाहतां कांहींच दिसत नव्हतें. होडीच्या फळीचा सांधा आंतून कुजला आणि वरून डांबर तुकतुकीत असलें म्हणजे काय होतें, हें आपल्यांतले म्हातारे जाणतात. रॉक्नीच्या नांवाचा असा बोभाटा झाला, कीं सरकारला त्या जातीचीं विमानें थांबवून तपासावीं लागलीं, आणि विमान कंपन्या लाकूड टाकून सबंध धातूच्या विमानांकडे वळल्या. आज आपलीं मुलें आखाती देशांत नोकरीला ज्या विमानांतून जातात, त्यांच्या सुरक्षिततेच्या इतिहासांत त्या अपघाताचें पान आहे.

त्याच 1931 सालीं फादर न्यूलँड यांच्या असिटिलीनच्या शोधावर पुढें काम करून एका अमेरिकन कंपनीनें कृत्रिम रबर बाजारांत आणण्याचें जाहीर केलें. आज त्याला निओप्रीन म्हणतात. दारिद्र्याचें व्रत घेतलेल्या त्या धर्मगुरूंनीं त्यांतला पैसा स्वतःसाठीं घेतला नाहीं. तो त्यांच्या संघाला मिळाला. 1936 सालीं ते वारले.

आयांनो, मी तुमच्या पोरांचे चेंडू यापुढें कपाटांत ठेवणार नाहीं. आणि मुलांनो, बुधवारपासून सरावाआधीं पाऊण तास याच सभागृहांत विज्ञानाचा अभ्यास होईल. आपल्या धर्मग्रामांतील दोन शिक्षकांनीं तो घेण्याचें कबूल केलें आहे, आणि नंतर मैदानावरही तेच येतील. अभ्यासाला जो येणार नाहीं त्याला त्या दिवशीं खेळतां येणार नाहीं. मग तो कितीही मोठा गिप असो.

मीं ज्याचा चेंडू ठेवून घेतला तो मुलगा आतां चाळिशीकडे झुकला आहे, आणि सकाळपासून याच मैदानाच्या कडेला उभा होता. त्याचा मुलगा आज लहान गटांत खेळला. त्याचाही डावाच पाय चालतो. त्याला विज्ञानांत किती गुण पडतात, तें मीं अद्याप विचारलेलें नाहीं, बुधवारीं विचारीन.